चौदाव्या कलमाच्या बारा खुर्च्या

१

चोर मोठा विचित्र निघाला. प्लॅस्टिकच्या दाण्याची पोती दारातच रचलेली होती, त्यांना त्याने हात लावला नाही. मोटारीच्या तांब्याच्या तारेचं नवंकोरं भेंडोळं कोपऱ्यात तसंच पडलेलं. ऑफिसातला पंखा जागेवर, घड्याळ जागेवर. गेलं होतं ते असं: चटईच्या आठ मागांवरच्या लोखंडी जाळ्या, आग विझवायच्या सहा लाल बाटल्या, हातमोजे, कानात घालायचे बोळे आणि मलमपट्टीची पेटी. भंगारवाल्याकडे नेलं तर त्याने आधी हसावं आणि मग चहा पाजून परत पाठवावं, असा सगळा माल.

शनिवारी सकाळी साडेनऊला अभिमन नाना सोनवणे जळगावच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात शिरले, तेव्हा मालक मगनशेठ डोक्याला हात लावून उभे होते.

नाना धुळ्याचे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक. धुळ्या-दोंडाईच्याच्या व्यापाऱ्यांचे काटे तपासता तपासता केस पांढरे झालेले. निवृत्तीनंतर चटया परदेशी धाडणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने त्यांना धरलं. परदेशी गिऱ्हाइकाने कंपनीला चौदा कलमांचं पत्रक पाठवलं होतं: माल घेऊ, पण तो बनवणाऱ्यांची बोटं शाबूत हवीत, कारखान्याची दारं उघडी हवीत, प्यायला स्वच्छ पाणी हवं, वगैरे. कंपनीने तेच पत्रक आपल्या पुरवठादारांना धाडलं, आणि कलमं पाळली जातात का ते बघायला नानांना. दर कारखान्याला वर्षातून एकदा, आधी तारीख कळवून.

"तुम्ही यायचा दिवस, आणि नेमकं आजच हे!" मगनशेठ म्हणाले. "नाना, मागच्या वर्षी तुम्ही स्वतः पाहिलंत. सगळं होतं की नव्हतं?"

"होतं. मी टिक मारली होती."

"झालं तर मग! आणि चोरही सापडलाय. पाच वाजता फौजदार येताहेत."

शेठने बोट दाखवलं तिकडे, फाटकाजवळच्या बाकावर, वॉचमन वेस्ता पावरा बसला होता. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाचा. सकाळी भर कारखान्यात शेठ त्याला 'चोर' म्हणून ओरडले होते, आणि तेव्हापासून तो तिथून हलला नव्हता.

नाना त्याच्या शेजारी टेकले. "फाटकातून काय काय बाहेर गेलं, वेस्ता?"

"काही नाही गेलं."

"आत आलं?"

"गुरुवारी संध्याकाळी टेम्पो आला, सामान उतरवून रिकामा गेला. काल विजेची सुट्टी. माग बंद. बाया आल्या, बाया गेल्या. हातात डबे." त्याने ऑफिसकडे मान वळवली. "शेठला सांगितलं. शेठ म्हणे, गप."

नानांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी खोटं बोलणारी माणसं पोत्याने पाहिली होती. ती जास्त बोलतात. हा मोजून बोलत होता.

म्हणजे माल गेला होता, पण बाहेर गेला नव्हता.

२

ऑफिसात लताबाई फिर्यादीचा मसुदा टाइप करत होत्या. चाळिशीच्या, रोज भुसावळहून रेल्वेने ये-जा. पत्रव्यवहार, इंग्रजी कागदांचं मराठी, हजेरी, माल रवाना करायची वही, सगळं त्यांच्याकडे. नानांनी मशीनवरचा कागद वाकून वाचला. चोरीस गेलेल्या वस्तू: जाळ्या, बाटल्या, हातमोजे, बोळे, पेटी, घडीच्या लोखंडी खुर्च्या नग बारा.

"यादी शेठनी सांगितली?"

"हो. भिंतीवरचा फलक बघत सांगितली." लताबाईंनी वर पाहिलं नाही.

नाना फलकाकडे गेले. पत्रक कामगारांच्या भाषेत भिंतीवर लावायचं, अशी कंपनीची अट होती. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत कलमं रंगवलेली. नानांनी सवयीने मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच. खाली वीतभर निळी जागा मोकळी होती.

त्यांनी मागांकडे मोर्चा वळवला. आठही माग धडाडत होते. जाळी नसलेल्या फिरत्या पट्ट्यांपासून हातभर अंतरावर बायका उभ्या. मागांवर दोन बोटं जाडीचा तेलकट काळा थर. पण जाळी जिथे बसवतात तिथले बोल्ट मात्र चकचकीत, त्यांचे कोपरे पान्याने घासून गोल झालेले. जी जाळी वर्षभर जागेवर राहते, तिचे बोल्ट असे उजळत नाहीत.

पलीकडे चार बाया चटयांचे गठ्ठे बारदानात शिवत होत्या. त्यांतली भागाबाई डाव्या हाताने बारदान दाबत होती. त्या हाताला तीनच बोटं होती.

"काय झालं हो, अक्का?"

"विळीवर कापाई ग्यात. घर." भागाबाईने दाभण ओढलं. "असं चोपडीमा लिखेल शे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हनू, नाना? मन्हं कोन लिखस?" बाकीच्या तिघी खुदकन हसल्या, पण ते हसू लगेच विझलं. भागाबाई म्हणाली, "तुम्ही मांगला साल उनथात ना? तेना तिसरा रोज."

नानांनी मनगटावरच्या घड्याळाला उगाचच चावी दिली. मागच्या वर्षी त्यांनी टिक मारली होती. आणि तिसऱ्या दिवशी या बाईची बोटं गेली होती, ज्यांच्या जाळ्या त्यांनी स्वतःच्या हाताने हलवून पाहिल्या होत्या, त्याच मागांपैकी एकात.

३

"शेठ, किती वस्तू गेल्या?"

"पाच प्रकारच्या. सांगितलं की."

"खुर्च्या धरून?"

"कसल्या खुर्च्या?" म्हणता म्हणता मगनशेठ शरीराला न शोभणाऱ्या वेगाने ऑफिसच्या मागे धावले. तिथून त्यांचा आवाज आला. "आयला, त्याही गेल्या!"

मॅनेजर छगन भाऊ मागोमाग गेले. "शेठ, त्या तर बंगल्यावरच्या ना? मला वाटलं, ताईचा साखरपुडा आहे म्हणून आणल्या."

"तुला कोणी विचारलंय?"

"मी विचारतो," नाना म्हणाले. "कशासाठी आणल्या होत्या?"

शेठने घाम पुसला. मार्चचा उन्हाळा होता, पण तेवढाच नव्हता. "चौदावं कलम, नाना. उभ्याने काम करणाऱ्या बायकांना टेकून बसायला खुर्ची पाहिजे म्हणे. आज मांडणार होतो."

"फलकावर ते कलम नाही."

"जागा पुरली नाही."

"वीतभर आहे."

शेठने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वाचून बाया खुर्च्या मागतील ना, नाना. जाळी कोणी मागत नाही. खुर्ची मागतील."

नानांना हसू आलं, आणि आल्याचा रागही आला. ते उन्हात फेऱ्या घालू लागले. चोर जो कोणी होता त्याला माहीत होतं, की बंगल्यावरून आलेल्या या खुर्च्या साखरपुड्याच्या नाहीत, तपासणीच्या आहेत. कामगारांना ते कळायला मार्ग नव्हता. छगन भाऊंना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्यांना साखरपुडाच वाटला होता. मूळ पत्रक वाचलेली माणसं कारखान्यात दोनच: एक मगनशेठ, आणि दुसरं ज्याने त्याचं मराठी केलं ते.

आणि शेठने पाच वस्तू सांगितल्या असताना कागदावर सहा उतरल्या होत्या.

पण हेतू काय? आणि दीड-पावणेदोनशे किलोचं लोखंड कारखान्याच्या कुठल्या पोटात दडलं होतं? बाहेर ट्रकवर गठ्ठे चढत होते. "चार वाजता निघायचं, मुंबईला," ड्रायव्हर म्हणाला. घड्याळात दीड वाजला होता. फाटकावर वेस्ताने डबासुद्धा उघडला नव्हता.

४

नाना जेवले नाहीत. डायरी काढून बसले. त्यांची सवय खात्यातली: जे बघायचं त्याचा नंबर लिहायचा. मागच्या वर्षी इथल्या सहा लाल बाटल्यांच्या बुडावर कोरलेले नंबर एका पानावर होते. गेल्याच महिन्यात तीन कारखाने पलीकडे झुलालशेठकडे तपासलेल्या बाटल्यांचे नंबर दुसऱ्या पानावर. दोन्ही पानं त्यांनी शेजारी धरली.

सहाच्या सहा नंबर तेच.

महिनाभर ही दोन पानं एकाच डायरीत, एकाच खिशात होती. लिहिणारा माणूस एकच होता. त्याने ती शेजारी धरून पाहिली नव्हती, एवढंच. नानांनी डायरी मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मग ऑफिसात जाऊन माल रवाना करायची वही मागितली. लताबाईंनी ती दिली. देताना वही क्षणभर दोघांच्याही हातात राहिली.

बहात्तर गठ्ठे. प्रत्येकात चटया पंचवीस, माप एकच. वजन: बत्तीस, बत्तीस, साडेबत्तीस, एकतीस... असं साठ गठ्ठ्यांपर्यंत. पुढे, शुक्रवारच्या तारखेखाली: पंचेचाळीस. सेहेचाळीस. पंचेचाळीस. शेवटचे बारा गठ्ठे.

"छगन भाऊ, हे कसं हो?"

छगन भाऊंनी चष्मा सारखा केला. शुक्रवारी माग बंद म्हणून ते फैजपूरला सासुरवाडीला होते. हे त्यांनी सकाळपासून तीनदा, न विचारता सांगितलं होतं. आता वही बघून ते म्हणाले, "ओलावा असेल, नाना."

"छगन भाऊ, दोंडाईच्याचे मिरचीवाले मला ओलावा सांगायचे, ते मी ऐकून घ्यायचो. मिरची पाणी पिते. कापूस पितो. प्लॅस्टिक कुठून प्यायला लागलं?"

नाना उठले, ट्रकपाशी गेले आणि वरचा एक गठ्ठा खाली घ्यायला लावला. काट्यावर टेकताच तो आतून खणकन वाजला. हमाल आणि भागाबाई, दोघांनीही एकदमच दुसरीकडे पाहिलं.

तीन वाजायला आले होते.

५

ऑफिसात दोघंच होते.

"लताबाई, बत्तीस लिहिलं असतंत तर मी आत्ता निवांत जेवत असतो. बारा आकडे खोटे लिहिता आले नाहीत?"

त्यांनी टाइपरायटरवरून हात काढून घेतले. "एकदा लिहिलंय खोटं. 'घरी विळीवर बोटे कापली.' शेठनी सांगितलं, मी लिहिलं. भागाबाई समोर उभी होती, हाताला धोतराचं फडकं. मी लिहीत होते आणि ती बघत होती. तिला वाचता येत नाही म्हणून मीच वाचून दाखवलं, आणि अंगठा घेतला." त्यांनी मशीनवरचा कागद सारखा केला. "चांगल्या हाताचा."

"कंपनीला कळवायचं होतं."

"दोनदा कळवलं. नाव न घालता. दोन्ही पत्रं आठ दिवसांत शेठच्या टेबलावर आली. सोबत कंपनीची चिठ्ठी, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. ती चिठ्ठी फाइलला मीच लावली, नाना."

नानांनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हणून या वेळी कागद नाही पाठवला. कागद परत करायला सोपा. मुंबईच्या गोदामात बारदान फोडलं की चटयांतून जाळी निघेल, बाटली निघेल, खुर्ची निघेल. एकेकीवर चिठ्ठी आहे: कोणत्या कलमाची, कुठून आणली, आणि खुर्च्या सोडून बाकीचं कोणत्या पाच कारखान्यांत फिरतं. टेम्पो गुरुवारी संध्याकाळी आला. शुक्रवारी माग बंद, शेठ घरी, छगन भाऊ फैजपूरला. गठ्ठे शिवायला वीज लागत नाही."

"आणि यादीत खुर्च्या?"

लताबाईंनी कागदाकडे पाहिलं. बहुधा आत्ताच त्यांच्या लक्षात आलं. "हात आपोआप गेला. सहा वस्तू गेल्यात, तर पाच कशा लिहायच्या?"

"बरं. आणि वेस्ता?"

एवढा वेळ सरळ बसलेल्या बाई खचल्या. "तो माझ्या डोक्यातच आला नाही. मला वाटलं, शेठ गप्प बसतील. ज्या मालाचं नाव घ्यायची सोय नाही, त्याची फिर्याद कोण देतो? पण ते ओरडलेच... ट्रक चारला निघतो, फौजदार पाचला येतात. मधल्या तासात मी स्वतः सांगणार होते."

"फौजदार साडेतीनला आला असता तर?"

लताबाईंनी मान वळवली. खिडकीतून फाटक दिसत होतं. बाकावरची सावली सरकली होती. वेस्ता उन्हात बसला होता.

नानांच्या पुढे सोपी वाट होती: तासभर डोळे मिटायचे. ट्रक जाईल, मुंबईला गठ्ठे फुटतील. फक्त त्या चिठ्ठ्या पुन्हा 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' परत आल्या, तर? आणि तोवर वेस्ताला चार लोकांत नेलं, तर?

"उठा," ते म्हणाले. "शेठकडे जाऊ."

६

"फिर्याद फाडा, शेठ."

"का म्हणून?"

"फौजदार बाटल्यांचे नंबर विचारेल. सांगा."

"ते आता कसे आठवतील?"

नानांनी डायरीतून सहा नंबर वाचले. पान उलटून तेच सहा नंबर पुन्हा वाचले. "हे मागच्या वर्षीचे, तुमच्या भिंतीवरचे. आणि हे गेल्या महिन्यातले, झुलालशेठच्या भिंतीवरचे. बाटल्या पायी गेल्या का?"

मगनशेठ खुर्चीत बसले. कपाळ चोळून म्हणाले, "भिशी आहे, नाना. आम्हा पाच जणांची. ज्याच्याकडे तपासणी, त्याच्याकडे सामान. खुर्च्या तेवढ्या ज्याच्या त्याने आणायच्या. वर्षातून एक दिवस लागणाऱ्या वस्तू, प्रत्येकाने वेगळ्या कशाला घ्यायच्या?"

"आणि उरलेले दिवस?"

टेबलावरचा फोन वाजला. शेठनी उचलला आणि त्यांचा चेहरा पडला. पलीकडचा आवाज नानांनाही ऐकू आला: "मगन, आटोपली का रे तपासणी? सामान सोमवारी धाड धुळ्याला. मंगळवारी इथे पाहुणे आहेत."

नानांनी फोन हातात घेतला. "पाहुणाच बोलतोय. सामान येणार नाही. जाळ्या आज इथेच मागांना वेल्डिंगने डकवतोय. मंगळवारी धुळ्याला येतो, आणि उरलेल्यांकडे तारीख न कळवता." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

"पण माल हलवला कोणी?" शेठ उठून उभे राहिले. "ते तर सांगाल?"

"मी," लताबाई म्हणाल्या.

शेठचं तोंड उघडं राहिलं. मग ते लाल झालं. "उद्यापासून..."

"दहावं कलम," नाना म्हणाले. "तक्रार करणाऱ्याला कामावरून काढायचं नाही. हे फलकावर आहे. रंगवून तुम्हीच घेतलंय."

"ही तक्रार आहे?"

"एकशे बासष्ट किलोची. मी वहीवरून बेरीज केलीय." नाना हसले नाहीत. "अहवालात सगळं लिहीन. मागच्या वर्षीची माझी टिक खोटी होती, हेही. तो अहवाल डाकेने पाठवणार नाही. स्वतः घेऊन जाईन आणि कंपनीच्या मोठ्या साहेबाने माझ्यासमोर वाचेपर्यंत उठणार नाही. असल्या पुरवठादाराला कंपनी सुधारायला तीन महिने देते. ते तुम्हाला मिळतात की नाही, हे आज इथे काय दिसतं त्यावर."

ट्रक चारला निघाला नाही. बारा गठ्ठे उतरले, बारदानं फुटली, आणि एकेक माग थांबवून जाळ्या चढल्या. वेल्डरने बोल्टांची डोकी कायमची डकवली. अपघाताच्या वहीत जुन्या ओळीखाली नवी नोंद झाली. भागाबाईने सांगितली, लताबाईंनी लिहिली, नानांनी साक्षीदार म्हणून सही केली. माग पुन्हा धडाडू लागले. बायका मांडलेल्या खुर्च्यांकडे बघत होत्या, पण अजून कोणी बसलं नव्हतं.

पावणेपाचला शेठनी पोलिस ठाण्याला फोन करून 'गैरसमज' कळवला, आणि फाटकाशी जाऊन वेस्ताला म्हणाले, "झालं, मिटलं. लाग कामाला."

वेस्ता बाकावरून उठला. कामाला लागला नाही.

"शेठ, सकाळी तुम्ही आत ओरडून बोलले, चोर. बठ्ठ्यांनी ऐकलं."

"अरे, म्हटलं ना मिटलं."

"इथे मिटलं. आत नाही मिटलं. आत चला आणि सांगा. नाही तर मी जातो गावाला. गावाकडे पण विचारतील, का आला. तिकडे काय सांगू?"

मगनशेठनी नानांकडे पाहिलं. नाना आभाळ बघत होते. शेठ लताबाईंकडे वळले, तिथेही काही मिळालं नाही. शेवटी ते आत गेले, आठ धडधडत्या मागांच्या मधोमध उभे राहिले, आणि जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले. ओठ हलले, एवढंच दिसलं. मग सुटल्यासारखे ते दाराकडे निघाले.

भागाबाई गठ्ठ्यावरून उठली. तीन बोटांच्या हाताने तिने पहिल्या मागाचा खटका खाली ओढला. पलीकडच्या बाईने दुसऱ्याचा. तिसरा, चौथा. एकामागून एक आठही माग थांबले, आणि कारखान्यात इतकी शांतता झाली की दारातल्या वेस्ताचा श्वास ऐकू यावा.

"शेठ," भागाबाई म्हणाली, "काही ऐकू उनं नही. परत सांगा."

मगनशेठ दारातून परत मधोमध आले. या वेळी त्यांनी मान वर केली, आणि वेस्ताचं नाव घेऊन सांगितलं.